हिरव्या मॉनिटरची शिट्टी

शिट्टी वाजली तेव्हा ती फक्त मला ऐकू आली.

काका माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. हातात चहा, पायात लोकरीचे मोजे, बाहेर एडिसनमधला फेब्रुवारीचा बर्फ. मी एंटर दाबलं, समोरच्या हिरव्या पडद्यावरची अक्षरं तिरकी होऊन फाटली आणि त्याच क्षणी कानात एक बारीक, टोकदार आवाज घुसला. जुना टीव्ही दुसऱ्या खोलीत चालू असला की लहानपणी जसा कळायचा, तसा, फक्त जास्त जवळून.

"काय झालं रे?" काकांनी शांतपणे विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. टेबलावर आडवा झालो आणि कॉम्प्युटरच्या उजव्या बाजूला मागे असलेला मोठा लाल स्विच खाली ओढला. पंखा थांबला, शिट्टी थांबली. बेसमेंटमध्ये नुसता हीटरचा आवाज राहिला.

"शिट्टी ऐकू नाही आली तुम्हाला?"

काकांनी कप खाली ठेवला. "वाजली?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मला नाही आली."

हे सगळं काय होतं ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

काकांकडे एक आयबीएम पीसी आहे. पीसी हा शब्द ज्याच्यामुळे घरोघरी रूढ झाला तोच, १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आलेला, मॉडेल ५१५०. नोकरी करत होते त्या कंपनीने नव्वदच्या दशकात जुनं सामान काढून टाकलं, तेव्हा त्यांनी तो घरी आणला. त्याच्यासोबत दोन मॉनिटर: हिरवा ५१५१ आणि रंगीत ५१५३. दोन मॉनिटर, दोन व्हिडिओ कार्डं, एकच डबा.

आपण लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडतो आणि विसरून जातो. त्या काळी त्यामागे एक योगायोगासारखी वाटणारी सोय होती. आयबीएमने सुरुवातीपासूनच दोन वेगळी कार्डं विकायला काढली होती. एक मोनोक्रोम, म्हणजे एमडीए: फक्त अक्षरं दाखवणारं, पण काय अक्षरं! ७२० बाय ३५० ठिपके, एकेक अक्षर ९ बाय १४ च्या चौकटीत. दुसरं रंगीत, म्हणजे सीजीए: चित्रं काढणारं, पण अक्षरं ८ बाय ८ च्या चौकटीत कोंबलेली, दिवसभर वाचली तर डोळे दुखतील अशी. दोन्ही कार्डांची मेमरी वेगळ्या पत्त्यावर, आज्ञा घ्यायचे पोर्टही वेगळे. एमडीए ३बी४ वर ऐकतं, सीजीए ३डी४ वर. त्यामुळे दोन्ही एकाच मशीनमध्ये भांडण न करता राहू शकतात. लोटस १-२-३ मध्ये हिशेबाचा तक्ता हिरव्या पडद्यावर आणि त्याचा आलेख रंगीत पडद्यावर असं लोक वापरायचे. आणि प्रोग्रामर मंडळी प्रोग्राम एका पडद्यावर चालवून त्याचं पोट दुसऱ्या पडद्यावर डीबगरमध्ये उघडून बघायची. काका त्यातलेच.

सोय इथे संपते. कारण दोन्ही कार्डांच्या मागचं सॉकेट सारखंच आहे. नऊ पिनांचं. हिरव्या मॉनिटरची वायर रंगीत कार्डात अगदी गुळगुळीत बसते. त्यातही कहर म्हणजे आडव्या ओळीची सिंक नाडी दोन्हीकडे आठव्या पिनवर आणि उभी नाडी नवव्या पिनवर आहे. म्हणजे चुकीची वायर लावली तर मॉनिटरला 'काहीच आलं नाही' असं होत नाही. त्याला आज्ञा मिळते, फक्त दुसऱ्या कोणासाठी असलेली.

आणि ५१५१ आज्ञा पाळतो. हा त्याचा स्वभाव मला समजायला बरेच रविवार लागले.

जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा किरण डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, झटक्यात मागे येतो, पुढची ओळ काढतो. एमडीएच्या हिशेबात हे सेकंदाला १८,४३२ वेळा. किरण वळवायला कॉइल लागते, कॉइलमधला करंट एक ट्रान्झिस्टर चालू-बंद करतो. ट्रान्झिस्टर जितका वेळ चालू, तितका करंट चढत जातो. तो बंद झाला की कॉइल आणि फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेली ऊर्जा उसळी मारते आणि त्यातूनच पिक्चर ट्यूबला लागणारे हजारो व्होल्ट तयार होतात. बहुतेक मॉनिटरांमध्ये ही चालू-बंद करणारी लय आतच तयार होते. बाहेरून येणारी सिंक नाडी तिला फक्त थोडी मागेपुढे ढकलते. नाडी चुकीची आली तर चित्र फाटतं, पण लय आतली असल्यामुळे ट्रान्झिस्टर शाबूत राहतो. ५१५१ मध्ये आतली लयच नाही. कार्डाकडून येणारी नाडी सरळ त्या ट्रान्झिस्टरला हलवते. भाग वाचले, मॉनिटर साधा झाला, स्वस्त झाला. पण मग कार्ड चुकलं की मॉनिटर जळतो.

ऑफिसमध्ये आम्ही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतो की बाहेरून आलेल्या इनपुटवर विश्वास ठेवायचा नाही. ५१५१ सगळ्या इनपुटवर विश्वास ठेवतो. आजचा मॉनिटर नको ती फ्रिक्वेन्सी आली तर काळ्या पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' लिहून गप्प बसतो. ह्याला नाही म्हणता येत नाही. त्याला स्वतःचा पॉवर स्विचसुद्धा नाही. वायर थेट पीसीच्या मागच्या सॉकेटमध्ये जाते, पीसी चालू झाला की हाही चालू.

म्हणून आयबीएमने नियम केला होता. मदरबोर्डवर बारीक डिप स्विचची पट्टी असते. त्यातला पाचवा आणि सहावा स्विच कोणतं कार्ड लावलंय ते बायॉसला सांगतो. दोन मॉनिटर असतील तर दोन्ही स्विच बंद ठेवायचे, म्हणजे 'मोनोक्रोम' म्हणून सांगायचं. मग बायॉस सुरुवातीलाच एमडीएवरच्या ६८४५ या चिपमध्ये योग्य आकडे भरतो आणि हिरवा मॉनिटर सुरक्षित लयीत येतो. रंगीत मॉनिटर हवा असेल तर डॉसमध्ये 'मोड सीओ८०' लिहायचं, परत यायचं तर 'मोड मोनो'. उलट केलं, म्हणजे स्विच रंगीतवर ठेवले, तर बायॉस सीजीए सजवत बसतो आणि एमडीएच्या चिपमध्ये सुरू होताना जो कचरा असेल तोच हिरव्या मॉनिटरकडे जातो. काकांनी त्या दोन स्विचवर कधीतरी पारदर्शक टेप लावून ठेवली आहे. ती आता पिवळी पडली आहे, पण सुटलेली नाही.

तर मी एवढं सगळं माहीत असूनही तो मॉनिटर कसा काय जाळायला निघालो?

चांगला कोड लिहिल्यामुळे. खरंच. सीजीएवर एक गमतीची युक्ती करता येते: अक्षरांच्या मोडमध्येच अक्षराची उंची आठ ओळींवरून दोनवर आणायची आणि प्रत्येक जागी अर्धा ठोकळा असलेलं अक्षर ठेवायचं. मग १६० बाय १०० ठिपके आणि सोळा रंग मिळतात. कार्डावर मेमरी फक्त १६ केबी, आणि हे चित्र १६,००० बाइट्समध्ये मावतं. मला त्यावर गणपतीचं चित्र काढून काकूला दाखवायचं होतं. त्यासाठी ६८४५ मध्ये आकडे थेट भरावे लागतात, बायॉसला बगल देऊन.

आता पोर्टचा आकडा, ३डी४, कोडमध्ये तसाच लिहायचा? माझ्या हातून ते होईना. असा उघडा आकडा दिसला तर मी दुसऱ्याचा कोड परत पाठवतो. बायॉसच्या डेटा भागात ४०:६३ या पत्त्यावर 'सध्या चालू असलेल्या' कार्डाचा पोर्ट लिहिलेला असतो, तो मी वाचून घेतला. शिवाय लागतील तेवढेच चार आकडे बदलण्याऐवजी सगळा तक्ता भरला, म्हणजे प्रत्येक गोष्ट माझ्या ताब्यात. फार नीटनेटकं झालं होतं.

आणि त्या दिवशी मी 'मोड सीओ८०' लिहायला विसरलो. चालू कार्ड एमडीए होतं. ४०:६३ वर ३बी४ होतं. माझ्या नीटनेटक्या कोडने सीजीएचे सगळे आकडे एमडीएला पाजले.

घरी येऊन हिशेब केला. एमडीएच्या चिपमध्ये एका ओळीचे ९८ अक्षरांएवढे भाग असतात, मी ११४ केले. ओळ लांबली. सेकंदाला १८,४३२ ऐवजी साधारण १५,८४५ ओळी. एक ओळ ५४ मायक्रोसेकंदांची होती ती ६३ ची झाली. नऊ मायक्रोसेकंद ऐकायला काहीच नाही. पण तेवढा जास्त वेळ करंट चढत राहिला. ढोबळ मानाने सोळा टक्के जास्त, आणि ऊर्जा करंटच्या वर्गाने वाढते म्हणून ती पस्तीस टक्के जास्त. सेकंदाला पंधरा हजार वेळा.

शिट्टीचं उत्तरही इथेच आहे. १८ हजारांचा आवाज माझ्या वयाला ऐकू येत नाही, निदान मला तरी नाही. १५ हजारांचा येतो. म्हणजे हा मॉनिटर बरा असतो तेव्हा माझ्यासाठी मुका असतो, आणि त्याचा आवाज यायला लागला की समजायचं की तो मरतोय.

लाल स्विच ओढल्यावर काकांनी लगेच परत चालू करू दिलं नाही. "अर्धा तास थांबू. थंड होऊ दे." दोघेही जवळ जाऊन वास घेत होतो. जळका वास नव्हता. धुळीचा होता, तो नेहमीचाच.

त्या अर्ध्या तासात काकांनी मला १९८७ ची गोष्ट सांगितली. मी त्यांच्याकडे चार वर्षं येतोय. डिप स्विचच्या टेपबद्दल, लोटसबद्दल, सगळं ऐकलं होतं. हे नव्हतं ऐकलं.

तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे, माझ्याहून एखाद्या वर्षाने लहान. रात्री ऑफिसमध्ये एकटेच थांबलेले. त्या संध्याकाळी मेंटेनन्सच्या माणसाने टेबलं हलवली होती आणि वायरी सुटलेल्या होत्या. काकांनी टेबलाच्या मागे हात घालून चाचपतच वायरी लावल्या. हिरवी वायर रंगीत कार्डात गेली. पीसी चालू केला.

"शिट्टी ऐकली मी. तेव्हा कान होते. पण मला वाटलं पंखा असेल. मी काय केलं माहितीये? की-बोर्डवर टाइप करून बघितलं, चालतंय का." ते हसले नाहीत. "मग वास आला."

सकाळी मॅनेजर आला. त्याने वायरी पाहिल्या आणि कोणी काही सांगायच्या आत म्हणाला, टेबलं हलवणाऱ्यानेच हे केलेलं दिसतंय. काका समोर उभे होते.

"मी बोललो नाही."

मी काही विचारलं नाही. त्यांनीच पुढे सांगितलं. ग्रीन कार्डाची फाइल कंपनीने त्याच महिन्यात भरली होती. गावी आजोबांचं ऑपरेशन झालं होतं, पैसे इथून जात होते. तो मेंटेनन्सचा माणूस ओरडून म्हणत होता की मी वायरींना हात लावला नाही, आणि ते खरं होतं, त्याने फक्त सोडल्या होत्या. दोन महिन्यांनी कंपनीने काही लोकांना काढलं. त्यात तो होता.

"त्याच्यामुळेच काढलं असं नाही म्हणता येणार," काका म्हणाले. "आणखीही सहा-सात जण होते." मग, "पण मी कधी विचारलंही नाही."

माझा व्हिसा ऑफिसच्या नावावर आहे. माझीही फाइल कुठल्या तरी रांगेत पडून आहे. त्यामुळे मला काकांना काही बोलायचा अधिकार आहे असं वाटलं नाही, आणि तुम्हालाही त्यांच्याबद्दल फार पटकन मत करू नका अशी विनंती आहे. आमच्याकडे सर्व्हर पडला की जो अहवाल लिहितात त्यात कोणाचं नाव घालत नाहीत. 'चूक प्रक्रियेची' वगैरे. मला ते आजवर गुळमुळीत वाटायचं. त्या रात्रीपासून तसं वाटत नाही.

अर्ध्या तासाने पीसी चालू केला. स्विच, पंखा, मेमरीची तपासणी, मग छोटा बीप. पडद्यावर हिरवी अक्षरं वर आली, सरळ, काठाला काठ. ५१५१ चा फॉस्फर उजेड लवकर सोडत नाही, ओळी वर सरकल्या की मागे हिरवं भूत रेंगाळतं. तेही होतं तिथेच. काकांनी काचेवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा.

त्यानंतरचे पाच रविवार आम्ही मॉनिटर वाचवण्याच्या उद्योगात घालवले. पहिलं काम पाच मिनिटांचं: काकूची हिरवी नेलपॉलिश हिरव्या वायरीच्या डोक्याला आणि एमडीएच्या सॉकेटला, लाल नेलपॉलिश दुसऱ्या जोडीला. चाळीस वर्षांपूर्वी कोणाला हे सुचलं असतं तर. दुसरं, माझ्या प्रोग्राममध्ये आता ३डी४ असाच आकडा लिहिलेला आहे, उघडा, आणि वर मराठीत कॉमेंट आहे की याला हात लावू नये.

तिसरं मात्र नीट करायचं होतं. काकांचा मुद्दा होता की माणूस चुकणार, प्रोग्राम चुकणार, वायर चुकणार, तर मॉनिटरच्या दारात कोणीतरी राखणदार हवा. सर्किटचा विचार साधा होता. आठव्या पिनवरच्या नाड्या मोजायच्याच नाहीत, फक्त दोन नाड्यांमध्ये किती वेळ जातो ते बघायचं. ७४एलएस१२३ नावाची चिप प्रत्येक नाडीबरोबर एक छोटं घड्याळ नव्याने सुरू करते. घड्याळ ५८ मायक्रोसेकंदांवर लावलं. बरोबर नाडी ५४ ला येते, म्हणजे घड्याळ कधी संपतच नाही. नाडी उशिरा आली की घड्याळ संपतं, आउटपुट पडतो, रिले सुटतो, मॉनिटरची वीज जाते.

कागदावर. प्रत्यक्षात मॉनिटर न जोडता, त्याच्या जागी टेबललॅम्प लावून माझा जुना, दोषी प्रोग्राम चालवला, तर दिवा मस्तपैकी चालूच. रिले ढिम्म. एक अख्खा रविवार गेला. मग काकांच्या लक्षात आलं: नाडी ६३ ला येते, घड्याळ ५८ ला संपतं, म्हणजे आउटपुट पाचच मायक्रोसेकंद पडतो आणि पुढची नाडी त्याला परत उठवते. रिलेला एवढ्याशाने जाग येत नाही. तो यांत्रिक प्राणी आहे, त्याला मिलिसेकंद लागतात. म्हणून मध्ये एक लॅच टाकला. एकदा पडला की पडला. स्वतःहून उठणार नाही, कोणीतरी बटण दाबेपर्यंत.

त्यामुळे एक वेगळाच फायदा झाला. पीसी चालू केला की मॉनिटर आता आपोआप चालू होत नाही. बीप ऐकायचा, म्हणजे बायॉसने एमडीएची चिप भरली असं धरायचं, मग बटण. स्विच रंगीतवर राहिले असतील तर लॅच धरतच नाही.

घरात कोणी हे करायला निघालं तर दोन गोष्टी सांगतो. मॉनिटर आम्ही उघडला नाही. पिक्चर ट्यूब बंद केल्यावरही चार्ज धरून बसते आणि माणसाला फेकून देऊ शकते. आणि रिलेकडे घरची वीज येते, ते सोल्डरिंग मी केलेलं नाही, काकांनी केलं. माझे हात थरथरतात.

राखणदार पूर्ण नाही. तो उशीर ओळखतो, घाई ओळखत नाही. एखाद्या प्रोग्रामने एमडीएला ४० अक्षरांच्या मोडचे आकडे पाजले तर नाड्या एकतीस हजारांवर जातील आणि हा खुशाल सोडून देईल. ७४एलएस१२३ मध्ये अशी दोन घड्याळं असतात, दुसरं अजून रिकामं आहे. बघू.

पाचव्या रविवारी, दिव्याच्या जागी खरा मॉनिटर जोडून तो प्रोग्राम पुन्हा चालवायचा का, यावर वाद झाला. मी नको म्हणत होतो. दिव्यावर वीस वेळा चाललंय, पुरे. काका म्हणाले, दिवा म्हणजे मॉनिटर नव्हे.

"जळला तर?"

"जळला तर माझा जळेल. मी सांगेन मी जाळला."

त्यांनी लाल स्विचवर हात ठेवला. मी 'मोड मोनो' लिहून खात्री केली, प्रोग्रामचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं.

टक्. पडदा काळा झाला. सर्किटवरचा लाल एलईडी पेटला. तो काकांनी मुद्दाम मोठ्या आकाराचा आणला होता.

"आली का शिट्टी?" त्यांनी विचारलं.

"आली. सुरू व्हायच्या आत गेली."

त्यांनी मान हलवली. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. बीप झाला. काका थोडे थांबले, माझ्याकडे बघितलं.

"आता काही ऐकू येतंय?"

"नाही."

मग त्यांनी बटण दाबलं.